आंदोलनातून ग्रामपंचायतीत: पहिल्यांदा निवडणूक लढवणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी

रेशनच्या धान्यासाठी तहसीलवर मोर्चा नेणारी, गावातली दारू बंद करायला बायांना उभं करणारी, माहिती अधिकारात अर्ज टाकून रस्त्याचं बिल उघडं पाडणारी माणसं गावोगाव आहेत. त्यातल्या काहींना कधीतरी वाटतं, किती दिवस बाहेर उभं राहून निवेदनं द्यायची, आता आत जाऊ. हा विचार मला मनापासून पटतो. ग्रामपंचायतीत अशी माणसं जायलाच हवीत.

पण ही माणसं हरतात तेव्हा त्यांच्या विचारामुळे क्वचितच हरतात. बहुतेकदा एखादा कागद कमी पडतो, नाहीतर मतांचा अंदाज चुकतो. निवडून आली तर ग्रामपंचायतीचं दफ्तर, म्हणजे तिच्या नोंदवह्या आणि हिशेबाचे कागद, वाचता येत नाही म्हणून पहिल्याच वर्षी अडकतात. म्हणून हा लेख कागदांबद्दल आणि मतं मोजण्याबद्दल जास्त आहे. भाषण कसं करावं ते तुम्हाला येतंच. सगळं महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीला धरून लिहिलं आहे. नगरपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचे नियम बरेच वेगळे आहेत.

आधी हे ठरवा: पद कशासाठी हवं?

प्रत्येक काम पद घेऊनच होतं असं नाही. नगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी सरपंचाची खुर्ची न घेता पाणलोटाचं काम उभं केलं. त्याच जिल्ह्यात हिवरे बाजारला पोपटराव पवार 1989 साली सरपंच झाले आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, श्रमदान हे नियम ग्रामसभेतून गावाच्या अंगवळणी पाडले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं तिसरी वाट धरली. तिथे खरं बळ ग्रामसभेचंच. त्या बळावर 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून गावाला स्वतःचा बांबू विकता येऊ लागला. तिन्ही वाटा खऱ्या आहेत. तुमच्या गावात कोणती चालेल हे उमेदवारी जाहीर करण्याआधी सोबत्यांबरोबर बसून ठरवा.

ठरवताना एका कागदावर दोन रकाने करा. एकीकडे ग्रामपंचायतीच्या हातातली कामं लिहा: पिण्याचं पाणी, गटार, दिवाबत्ती, अंतर्गत रस्ते, घरपट्टी-पाणीपट्टी, गावठाणातल्या नोंदी, घरकुलाच्या यादीसाठी ग्रामसभा, स्मशानभूमी, अंगणवाडीची आणि शाळेची डागडुजी. दुसरीकडे तिच्या हातात नसलेली: रेशन दुकानाचा परवाना, पोलिसांची कारवाई, शिक्षकांच्या नेमणुका, सातबारावरच्या नोंदी, शेतीची वीज. तुमचं आंदोलन ज्या प्रश्नावर उभं राहिलं तो दुसऱ्या रकान्यात असेल, तर सरपंच झाल्यावरही तुम्हाला तहसीलच्या पायऱ्या चढाव्याच लागणार आहेत. मतदाराला हे आधी सांगायचं. ‘मी निवडून आलो की रेशन सुरळीत करतो’ असं म्हणू नका. ते तुमच्या हातात नाही, आणि सहा महिन्यांत लोक विचारतील.

किमान वर्षभर आधी: दफ्तर वाचायला लागा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कायद्यानं वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि साधारणपणे त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती. या सभांना जा, शेवटपर्यंत बसा, आणि तुमचा मुद्दा इतिवृत्तात लिहिला गेला का ते तिथेच वाचून बघा. बऱ्याच गावांत इतिवृत्त नंतर सोयीनं लिहिलं जातं. सही करताना वर कोरी जागा सोडलेली दिसली तर तिथे आडवी रेघ मारायला सांगा.

मग कागद मागवा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, मुदत 30 दिवसांची, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. हे तुम्हाला पाठ असेल. फरक इतकाच, की आंदोलनात आपण एका कामाचे कागद मागतो, इथे सगळ्या ग्रामपंचायतीचा संसार समजून घ्यायचा आहे. निदान एवढं बघा: नमुना 1 म्हणजे अर्थसंकल्प, नमुना 5 म्हणजे सामान्य रोकडवही, नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना 9 म्हणजे कर मागणीची नोंदवही. त्याबरोबर मागच्या दोन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, मासिक सभांची इतिवृत्तं आणि विकास आराखडा. आराखडा आणि वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या, निधीतला खर्च ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो, त्यासाठी अर्जाचीही गरज नाही.

रोकडवही वाचायची कशी? समजा एका पानावर पथदिव्यांच्या खरेदीची नोंद आहे. रकमेवर थांबू नका. प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक घ्या, त्या क्रमांकाचं बिल काढा. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक आहे का, किती नग लिहिलेत, साठा नोंदवहीत तेवढेच नग जमा दाखवलेत का, आणि त्या खरेदीला मंजुरी देणारा ठराव कोणत्या तारखेच्या मासिक सभेत झाला, हे ओळीनं तपासा. ठरावाची तारीख बिलाच्या नंतरची निघाली तर काय समजायचं ते कळतंच. मग संध्याकाळी गावातून फिरून खांबावरचे दिवे मोजा. हे एकदा हातानं केलंत की कुठल्याही बैठकीत ग्रामसेवकाशी बरोबरीनं बोलता येतं. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं 2024 साली एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलं आहे. गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात.)

पैसा येतो कुठून हेही या काळात समजून घ्या. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार लिलाव, गाळ्यांचं भाडं. यातला 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणावर आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तुमच्या गावात हा खर्च खरंच होतो का? दिव्यांगांच्या पाच टक्क्यांचा हिशेब मागितला की किती ग्रामपंचायती गप्प होतात ते मी पाहिलं आहे. कार्यकर्त्यानं हात घालावा असा हा पहिला विषय. तो कायद्यातच आहे, त्यासाठी कुणाशी भांडावं लागत नाही, आणि गावातल्या सगळ्यात दुबळ्या माणसापर्यंत पोचतो.

अपात्रता: कार्यकर्ते इथेच जास्त अडकतात

वय 21 पूर्ण आणि त्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव, ही मूळ पात्रता. 1 जानेवारी 1995 रोजी किंवा नंतर जन्म झाला असेल तर सातवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा लागतो. त्यापुढची यादी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये आहे. ते कलम स्वतः वाचा. कुणी तोंडी सांगितलं म्हणून निर्धास्त राहू नका.

थकबाकी. घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी आल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही तर अपात्रता येते. नोटीस न देता बिल दिल्याचं दाखवण्याचे प्रकारही होतात. म्हणून दरवर्षी एप्रिल-मेमध्येच भरा आणि पावती जपून ठेवा. एकत्र कुटुंबात घर वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर तेही भरलेलं असू द्या.

दोन अपत्यांचा नियम. 12 सप्टेंबर 2001 नंतर झालेल्या अपत्यामुळे एकूण संख्या दोनच्या वर जात असेल तर उमेदवारी करता येत नाही. या नियमाचा भार बाईवर पडतो, मूल दत्तक दिल्याच्या कागदांपासून बायकोला सोडण्यापर्यंतचे प्रकार त्यातून घडतात. नियम बदलावा असं मला वाटतं. आज तो आहे, आणि लपवाछपवी केलीत तर निवडून आल्यावर विरोधक शाळेचा दाखला काढून पद घालवतात.

शौचालय. घरी शौचालय असणं आणि वापरात असणं दोन्ही लागतं. त्याचा दाखला ग्रामपंचायतच देते, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लढायचं त्यांच्याच कार्यालयात जायचं. अर्ज लेखी करा आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या.

अतिक्रमण. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असलेला माणूस अपात्र ठरतो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे स्पष्ट केलं, की अतिक्रमण घरातल्या आधीच्या माणसानं केलं असलं तरी त्याचा वापर चालू ठेवणाऱ्यालाही ते भोवतं. भूमिहीन, भटक्या आणि दलित वस्त्यांमधल्या कार्यकर्त्यांसाठी ही फार मोठी अडचण आहे. घरच गायरानात किंवा गावठाणाच्या कडेला असतं. नियमित करण्याचा प्रस्ताव दिला असेल तर त्याचे कागद घेऊन वकिलाला आधीच भेटा. छाननीच्या दिवशी वकील शोधत फिरून काही हाती लागत नाही.

हितसंबंध. ग्रामपंचायतीच्या कामात, ठेक्यात किंवा तिच्या देण्याखालच्या पगारी पदावर तुमचा वाटा नको. पाणी सोडणारा कर्मचारी, ग्रामपंचायतीला साहित्य पुरवणारा दुकानदार यांनी आधी ते सोडायचं. तुमची संस्था किंवा बचत गट ग्रामपंचायतीकडून पैसे घेऊन काम करत असेल, तर त्यातलं स्वतःचं पद सोडल्याचा ठराव करून घ्या. संस्थेला परदेशी निधी येत असेल तर तिच्या सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. तो कायदा कडक आहे. अंगणवाडी, आशा किंवा कुठल्याही मानधनाच्या कामावर असाल तर संबंधित कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या.

आंदोलनातले गुन्हे. नवे कार्यकर्ते मला सगळ्यात जास्त हेच विचारतात. नुसता गुन्हा दाखल आहे किंवा खटला चालू आहे म्हणून उमेदवारी जात नाही. शिक्षा सहा महिने किंवा त्याहून जास्त झाली असेल तर सुटल्यापासून पाच वर्षं अपात्रता असते. अस्पृश्यता पाळल्याच्या आणि दारूबंदी कायद्याखालच्या शिक्षेचं बंधन याहून कडक आहे. पण चालू असलेला प्रत्येक गुन्हा शपथपत्रात लिहावा लागतो, आणि घोटाळा तिथेच होतो. रास्ता रोकोमध्ये पोलिसांनी पन्नास जणांची नावं घातलेली असतात. जमावबंदी मोडल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 135 खाली आपलं नाव आलं आहे हे कित्येकांना माहीतच नसतं. अर्ज भरण्याच्या महिनाभर आधी, जिथे जिथे आंदोलन केलं त्या प्रत्येक पोलीस ठाण्यात जा, गुन्हा क्रमांक, कलम आणि न्यायालयातली स्थिती लिहून आणा. शपथपत्रात ते सगळं ताठ मानेनं लिहा. रेशनसाठी रस्त्यावर बसल्याचा गुन्हा मतदारापासून लपवण्यासारखा नाही.

आरक्षणाची सोडत आणि जात पडताळणी

2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. प्रभागांचं आरक्षण गावातल्या विशेष ग्रामसभेत सोडतीनं निघतं, सरपंचपदाचं तालुक्याच्या पातळीवर. सोडतीला हजर राहा. प्रभागरचनेचं प्रारूप प्रसिद्ध झालं की नकाशा घेऊन सीमेवर चालून या. एखादी वस्ती मुद्दाम फोडून दोन प्रभागांत टाकलेली असेल तर हरकत घ्यायची मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती एकदा गेली की गेली.

राखीव जागेवर लढणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच मार्गी लावा. अर्जाबरोबर पडताळणी समितीकडे प्रकरण दाखल केल्याची पोच आणि हमीपत्र चालतं. पण ठरलेल्या मुदतीत वैधता आणून दिली नाही तर निवडून आलेलं पद जातं, आणि असं पद गेलेले सदस्य दर तालुक्यात सापडतात.

एक गोष्ट बायांसाठी वेगळी सांगायची आहे. राखीव जागा निघाली म्हणून घरच्यांनी उभं केलेली बाई आणि स्वतः काम करून उभी राहिलेली बाई यांत गाव फरक करतं. शेतकरी संघटनेच्या समग्र महिला आघाडीनं 1989 च्या सुमारास संपूर्ण महिलांची पॅनेलं उभी केली आणि विटनेरसारख्या गावात ती निवडून आली. तेव्हा पन्नास टक्के सोडा, तेहतीस टक्क्यांची घटनादुरुस्तीही झालेली नव्हती.

मतं मोजायची कशी

आंदोलनातली गर्दी म्हणजे मतं नव्हेत. लोक तुमचा मान ठेवतात, अडचणीला तुमच्याच दारात येतात, आणि मत भावकीला देतात. यात त्यांचा दोष काढू नका. भावकी लग्नात, दवाखान्यात, बांधाच्या भांडणात उपयोगी पडते. तुम्ही त्यांच्या कुठल्या अडचणीला उपयोगी पडणार, हे त्यांना दिसलं पाहिजे.

प्रभागाची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते. ती हातात घेऊन घरोघर फिरा. प्रत्येक नावापुढे लिहा: गावात राहतो, पुण्या-मुंबईला असतो, ऊसतोडीला जातो, लग्न होऊन गेली, मयत. नवीन लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं बहुतेक वेळा यादीत नसतात. बीएलओला, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, भेटून त्यांचे अर्ज भरून द्या. यासाठी निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका, कारण कोणत्या तारखेची यादी वापरायची ते राज्य निवडणूक आयोग ठरवतो आणि त्यानंतर आलेलं नाव चालत नाही. हे काम मनापासून केलंत तर दोन फायदे होतात: यादी दुरुस्त होते, आणि प्रत्येक उंबऱ्यावर तुम्ही मत न मागता एकदा जाऊन आलेले असता.

काम केलं की गाव मत देतंच, असंही धरून चालू नका. पाटोद्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. संभाजीनगर जिल्ह्यातलं हे गाव भास्करराव पेरे पाटलांनी आदर्श केलं, पूर्ण कर भरणाऱ्या घराला दळण फुकट दिलं. तिथेच 2021 च्या निवडणुकीत त्यांच्या मुलीचा पराभव झाला. गावाला बदल हवा असू शकतो, आणि तो मागायचा गावाला हक्क आहे.

पॅनेल की एकट्यानं?

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, आयोगाच्या मुक्त चिन्हांतून चिन्ह मिळतं. पक्ष मागून असतातच, पण कागदावर तुम्ही उमेदवार म्हणूनच उभे असता. कार्यकर्त्याच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे. पंचायत समितीपासून पुढे ती संपते.

प्रभागात सहसा दोन किंवा तीन जागा असतात आणि मतदाराला तेवढी मतं द्यायची असतात. थेट सरपंच निवडायचा असेल तर ते मत आणखी वेगळं. पॅनेलवाले ‘तिन्ही बटणं आपलीच दाबा’ असं शिकवतात. एकटा उमेदवार या गणितात मागे पडतो. म्हणून प्रभागातल्या सगळ्या जागांवर सोबती मिळवा. पूर्ण गावाचं पॅनेल झालं नाही तरी चालेल, एक प्रभाग नीट लढा. सोबती निवडताना आंदोलनातली निष्ठा बघाच, त्याबरोबर कलम 14 मध्ये तो बसतो का हेही बघा. प्रत्येक जागेला एक पर्यायी अर्ज भरून ठेवा, छाननीत मुख्य अर्ज उडाला तर जागा रिकामी राहायला नको.

सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत 2017 ला आली, 2020 ला रद्द झाली, 2022 ला परत आली. थेट निवडून आलेला सरपंच अल्पमतात असू शकतो, म्हणजे सरपंच तुमचा आणि सदस्य समोरच्यांचे. अशा वेळी मासिक सभेत एकही ठराव पुढे सरकत नाही. सरपंचपदाला उभं राहायचं असेल तर सदस्यांच्या जागा सोडून देऊ नका.

अर्ज, छाननी, माघार

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरून त्याची छापील प्रत जोडपत्रांसह निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायची असते. शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर हमखास अडकतो. 2020 च्या डिसेंबरमध्ये आणि पुन्हा 2022 च्या डिसेंबरमध्ये आयोगाला ऐनवेळी हातानं भरलेले अर्ज घ्यायला परवानगी द्यावी लागली होती. पहिल्याच दोन दिवसांत भरून मोकळे व्हा. एकच रकाना रिकामा राहिला तरी वाद निघतो. जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ लिहा. सूचकाचं नाव, यादीतला अनुक्रमांक आणि सही तीनदा तपासा. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं आधीच उघडा.

छाननीला स्वतः हजर राहा, बरोबर सगळ्या मूळ कागदांची फाईल आणि जाणता माणूस असू द्या. तहसील कचेरीतल्या त्या खोलीत गावातले सगळे गट दाटीनं उभे असतात, एकेक नाव पुकारलं जातं, आणि हरकत आली की उत्तर द्यायला मिनिटं मिळतात. आवाज चढवू नका. हरकत लेखी मागा, उत्तर लेखी द्या, अर्ज फेटाळला तर कारणासह आदेशाची प्रत त्याच दिवशी घ्या. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा महिलांच्या जागेवरचा अर्ज छाननीत फेटाळला गेला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायालयानं अर्ज ग्राह्य धरायला लावला, आणि जानेवारी 2021 मध्ये त्या निवडून आल्या. प्रत हातात असेल आणि वेळेत हलाल तर असंही होतं.

माघारीच्या दिवशी दुपारपर्यंत फोन वाजत राहतात. नातेवाईक, मालक, सोसायटीचा चेअरमन, कुणी तरी येतंच. ‘बिनविरोध करू, गावात भांडणं नकोत’ हे वाक्य ऐकायला चांगलं वाटतं. खरोखर सगळ्या वस्त्यांना जागा मिळून बिनविरोध होत असेल तर जरूर व्हावं. पण देवळाच्या नावानं बोली लावून पद विकलं जात असेल तर ते बेकायदा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे असे लिलाव उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगानं 2021 च्या जानेवारीत दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. तुमच्याकडे असं होत असेल तर चित्रीकरणासह तक्रार करा.

प्रचार आणि मतदान

याबद्दल थोडंच सांगतो. आयोगानं 2017 साली सदस्यासाठी खर्चाची मर्यादा लहान ग्रामपंचायतीत 25 हजार, मधल्यात 35 हजार आणि 15 ते 17 सदस्यांच्या मोठ्या ग्रामपंचायतीत 50 हजार रुपये ठरवली. तुमच्या निवडणुकीला लागू असलेला आकडा तहसीलमधून लेखी घ्या. समोरचे त्याच्या कितीतरी पट उधळतील. तुम्ही त्या मागे लागू नका, लागलात तर निवडून आल्यावर तो पैसा कुठून काढणार हा प्रश्न उरतोच. एक पानाचं पत्रक काढा. त्यात तुम्ही वाचलेल्या दफ्तरातले चार आकडे टाका: किती निधी आला, कशावर खर्च झाला, दिव्यांगांचे किती राहिले, पाणीपुरवठ्याचं वीजबिल किती थकलं. गावानं हे आकडे कधी पाहिलेले नसतात.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर तुमचा प्रतिनिधी सुरुवातीच्या चाचणी मतदानापासून शेवटच्या मोहरेपर्यंत बसला पाहिजे, खुणा केलेली यादी घेऊन. मतमोजणीत दोन-चार मतांचा फरक नेहमीचा आहे, आणि समान मतं पडली तर चिठ्ठी टाकतात. निकालावर आक्षेप असेल तर दिवाणी न्यायालयात निवडणूक अर्ज करायला निकालापासून फक्त 15 दिवस असतात.

निवडून आलात तर

गुलाल धुतल्यावर पहिलं काम: दफ्तराचा ताबा यादी करून घ्या. कोणती नोंदवही कोणत्या पानापर्यंत भरली आहे, चेकबुकात किती चेक उरलेत, बँकेत प्रत्यक्ष शिल्लक किती आणि रोकडवहीत किती. फरक निघाला तर पहिल्याच मासिक सभेत तो इतिवृत्तात लिहून घ्या. नंतर सांगितलंत तर तो तुमच्याच काळातला ठरतो.

सरपंच असाल तर डिजिटल सहीची छोटी पेनड्राइव्हसारखी चावी मिळते. वित्त आयोगाच्या निधीतलं पेमेंट सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीनं होतं. फार ठिकाणी सरपंचाची ही चावी आणि तिचा पासवर्ड संगणकचालकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, कारण सरपंचाला ‘ते तांत्रिक आहे’ असं सांगितलेलं असतं. विशेषतः महिला सरपंचांना. ही चावी स्वतःच्या घरी ठेवा, पासवर्ड बदला, आणि प्रत्येक पेमेंटच्या वेळी बिल, मोजमाप पुस्तिका आणि ठराव समोर ठेवून सही करा. चौकशी लागली की ज्याच्या सहीनं पैसे गेले त्यालाच नोटीस येते, बटण कुणी दाबलं हे कुणी विचारत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात या निधीचे दोन भाग होते, 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले आणि 40 टक्के मोकळे. म्हणजे तुमच्या मनातलं वाचनालय किंवा व्यायामशाळा फक्त मोकळ्या भागातून किंवा स्वतःच्या उत्पन्नातून होऊ शकत होती. पुढच्या आयोगाच्या अटी आल्या की मूळ शासन निर्णय स्वतः वाचा. निधीचा हा हिशेब न कळल्यामुळे चांगले सरपंच नाराज होऊन बसतात आणि ठेकेदार सुचवेल ते काम मंजूर करतात.

सोबत्यांशी नातं या काळात ताणलं जातं. काल तुमच्याबरोबर घोषणा देणारा आज घरकुलाच्या यादीत भावाचं नाव वर घ्यायला सांगतो. यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा, हरकती तिथेच घ्या, आणि त्याच्या घरी जाऊन नकार स्वतः सांगा. दुसऱ्याच्या तोंडून कळला तर तो कायमचा तुटतो. संघटनेतले सगळेच जण पदाधिकारी होऊ नका. निम्मे तरी बाहेर राहू द्या आणि त्यांनी तुम्हाला ग्रामसभेत प्रश्न विचारावेत, माहिती अधिकारात अर्जही टाकावेत. तुम्ही बाहेर असताना जो फलक मागत होता, जमाखर्चाचा, तो दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या दारात लागला पाहिजे.

उत्पन्नाचीही तजवीज करा. 2024 मध्ये सरपंचांचं मानधन दुप्पट झालं तरी दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात ते महिना 6 हजार रुपये आहे. तेवढ्यावर घर चालत नाही. शेती, शिवणकाम, दुकान जे काही आहे ते चालू ठेवा आणि कार्यालयात बसायचे दिवस व वेळ ठरवून फलकावर लिहा.

पडलात तर

पडलेल्या उमेदवारालाही निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून 30 दिवसांच्या आत द्यावा लागतो. बरेच जण निराशेत हे विसरतात आणि आयोगाच्या नियमानं पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरतात, म्हणजे पुढची निवडणूकही हातची जाते. शून्य खर्च असला तरी हिशेब द्या, तहसीलमधून शिक्क्याची पोच घ्या, आणि ती पोच जात वैधता व करपावत्यांच्या फाईलमध्येच लावा. मतदार यादीवर तुम्ही घरोघर केलेल्या नोंदीही त्याच फाईलमध्ये ठेवा. नव्या सरपंचांना विकास आराखड्यासाठी लेखी सूचना द्या, आणि पुढच्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते का यावर लक्ष ठेवा.